अर्धी वाटी निळं पाणी

टोपी येणार, ही बातमी तिबेटी वस्तीत आठ दिवस आधी आली आणि त्याच दुपारी यांगकीनं घरातलं तांदळाचं माप लपवलं. आधी पिठाच्या डब्यात, मग गादीखाली, शेवटी स्वेटरांच्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा नोव्हेंबरात नागपूरच्या फुटपाथवर उघडायचा होता. बाहेर सेहेचाळीस अंश होते. त्या उन्हात लोकरीला हात लावेल असा माणूस गोंदिया जिल्ह्यात जन्मलेला नव्हता.

तिचा नातू लोदेन चार वर्षांचा. तांदळाचं माप भरायचं काम त्याचं. त्यानं डबा उघडला, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि भोकाड पसरलं.

"मोमो, माझी वाटी कुठे?"

मोमो म्हणजे आजी. खायचा तो वेगळा. गोठणगावच्या बायका या शब्दावरून यांगकीला चार वर्षं विचारत होत्या, की बाई, तुला वाफेवर कधी ठेवायचं.

"उंदरानं नेली," यांगकी म्हणाली.

"एवढी मोठी?"

"उंदीरही तसाच होता."

लोदेन रडायचा थांबला आणि उंदीर बघायला पलंगाखाली शिरला. पण त्याची आई देछेन दारात उभी होती. अर्जुनीच्या दवाखान्यातून पाळी संपवून आलेली, खांद्यावर पिशवी तशीच.

"आमा, रिकामं पातेलं का ढवळतेयस?"

"वय झालं."

"काल नव्हतं झालं," देछेन म्हणाली.

आता हे सगळं एका वाटीपायी, म्हणून वाटीपासूनच सांगायला हवं.

एकोणसाठ साली बारा वर्षांचे थांगमार रिंपोछे बर्फातली खिंड ओलांडून भारतात आले, ते अंगावरचा झगा आणि चहाची एक लाकडी वाटी घेऊन. रिंपोछे म्हणजे पुन्हा पुन्हा जन्म घेऊन आपल्या माणसांकडे परत येणारे गुरू. तिबेट मागे राहिला. तो कुणाचा, यावर भांडण तेव्हापासून चालू आहे. वस्तीतली माणसं समोरच्या सरकारचं नाव तोंडातून काढत नसत, नुसतं 'पलीकडचे' म्हणत. रिंपोछेंना आणि त्यांच्या लोकांना जागा मिळाली नवेगावबांधच्या जंगलाला लागून, जिथे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो. तिथेच ते नव्वदीपर्यंत जगले, झाडीपट्टीची मराठी शिकले, नाटकांना जाऊन पुढच्या रांगेत हसले, आणि पाच वर्षांपूर्वी गेले.

गेले म्हणजे आता परत यायचे. प्रश्न एवढाच, की आलेलं मूल ओळखायचं कुणी? मठवाले म्हणत, ते काम आमचं. पलीकडचे म्हणत, शिक्का आमचा. ज्याच्या हातात ते मूल, त्याच्या हातात पुढची सत्तर वर्षं आणि लाखभर माणसांचं मन. असं ओळखलेलं एक मूल मागे एकदा घरच्यांसकट दिसेनासं झालं होतं. ते कुठे आहे, हे विचारत विचारत वस्तीतले दोन म्हातारे मरून गेले होते.

या भांडणात आठवणी तपासणारी टोपी शिरली.

टोपी घेऊन आलेल्या डॉ. मृण्मयी बोरकुटे मूळच्या ब्रह्मपुरीच्या. चाचणीच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या, आणि यांगकीनं भीत भीत विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी नजर न चुकवता उत्तर दिलं.

"आजी, ओळखीची वस्तू दिसली की मेंदूत एक बारीक लाट उठते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. माणूस तोंडानं नाही म्हणाला तरी लाट उठतेच. हे जुनंच आहे, पोलीस वापरायचे. या टोपीत नवीन काय, तर ती आठवणीचं वय सांगते. तुम्ही लोणचं घालता ना?"

"घालते."

"नव्या लोणच्यात तेल वर तरंगतं. मुरलं की ते फोडीत उतरतं. आठवणीचं तसंच. नवी असते तेव्हा मेंदूच्या एका कोपऱ्यात असते. झोपेझोपेत ती हळूहळू सगळीकडे झिरपते. ती किती झिरपलीय ते टोपी बघते आणि सांगते, ही आठवण दोन वर्षांची, ही वीस वर्षांची."

"आणि खोटं?"

"टोपी खोटं बोलत नाही. पण तिला दाखवाल तेवढ्याचंच ती बोलते. आकडे छापणारा माणूस मात्र काहीही छापू शकतो." बाईंनी आवाज उतरवला. "पलीकडच्यांनी त्यांचा मुलगा तपासला. मठात पेटीत जपलेल्या रिंपोछेंच्या वाटीचा फोटो दाखवला. वय चार, आणि म्हणे आठवण निघाली ऐंशी वर्षांची. म्हणजे खिंड ओलांडतानाची. मूळ नोंदी कुणालाच दाखवल्या नाहीत. पण जगानं ऐकलं. आता इकडच्या मुलांनी उत्तर द्यायचंय. आधीची दोन मुलं कोरी निघाली. लोदेन शेवटचा."

"तो निघाला तर?"

"तर दक्षिणेतला मठ. पहारा. आईला वर्षातून दोनदा भेट."

"आणि नाही निघाला तर?"

 बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि त्या उठल्या.

यांगकीनं त्या रात्री स्वेटरांच्या गठ्ठ्याला आणखी एक गाठ मारली. कारण पेटीतली वाटी खोटी होती, आणि हे जिवंत माणसांत फक्त तिला माहीत होतं.

तेवीस वर्षांपूर्वी यांगकी रिंपोछेंची स्वयंपाकीण होती. एका सकाळी खिंडीतून आलेली ती वाटी तिच्या हातातून सुटली आणि चुलीच्या दगडावर पडली. काठापासून बुडापर्यंत तडा. पहाडातल्या झाडाच्या गाठीचं लाकूड, त्यावर निसर्गानंच काढलेले तीन डोळे. असं दुसरं कुठून आणायचं? ती पदराखाली वाटी घेऊन गावातल्या सुखदेव बावणे सुताराकडे पळाली.

"ताई, असं लाकूड आपल्याकडं नाइ," बावणे म्हणाला. "बीजा देतो. मजबूत रायते. डोळे खिळा तापवून पाडतो. देव पण फसन."

वाटी झाली, धूर देऊन, लोणी चोळून जुनी झाली, मठात गेली. एक गोष्ट बावणेनं सांगितली नाही, कारण जंगलातल्या प्रत्येक माणसाला ती माहीतच असते असं तो समजत होता. बीजाच्या लाकडात पाणी ठेवलं की त्याला निळी झाक येते. गावातले लोक साखरेच्या आजारावर तेच पाणी पितात. तिबेटी बाईला हे कुठून माहीत असायला?

रिंपोछे उठल्याबरोबर गरम पाणी पीत. तिसऱ्याच सकाळी त्यांनी वाटी खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ धरली, आणि हाक मारली.

"यांगकी, पाण्यात आकाश पडलंय."

यांगकी पायांवर पडली. रडता रडता तिला तिबेटी शब्द सुचेनात. गावातल्या बायकांकडून ऐकलेलं तेवढं तोंडात आलं. "चूक पोटात घाला."

रिंपोछेंनी याचा अर्थ विचारला. तिनं सांगितला: माफ करायचं, आणि कुणाला सांगायचं नाही. त्यांना तो शब्द इतका आवडला, की रडणारी बाई समोर असताना ते मांडी थोपटून हसले. मग अर्धं पाणी प्याले आणि वाटी तिच्यापुढे धरली.

"घे. पोटात घाल. अर्धी चूक माझी, अर्धी तुझी."

पुढे अठरा वर्षं, रोज सकाळी, स्वयंपाकघराचं दार लोटून, अर्धी वाटी ते आणि अर्धी ती. रिंपोछेंची साखर उतरली आणि नागपूरचा डॉक्टर स्वतःच्या औषधाची पाठ थोपटत राहिला. तडा गेलेली खरी वाटी यांगकीनं तांब्याच्या तारेनं बांधून घरी नेली. पवित्र वस्तू, फेकता येईना, दाखवताही येईना. म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवली.

एवढ्यावर भागलं असतं. पण जाताना रिंपोछेंनी चिठ्ठी ठेवली: जिथे पाणी निळं होतं आणि चूक पोटात जाते, तिथे शोधा. मठातल्या पंडितांनी त्यावर तीन महिने वाद घातला. निळं पाणी म्हणजे तलाव, यावर एकमत झालं. पोट म्हणजे काय, यावर दोन पंडितांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे. शेवटी कुणीतरी नकाशा उलटा धरला. त्याला नवेगावबांधचा तलाव पोटासारखा दिसला आणि शोध इकडे वळला. साधं मराठी बोलणं शब्दाला शब्द तिबेटीत गेलंय, हे त्या विद्वानांच्या स्वप्नातही आलं नाही.

यांगकीला चिठ्ठी ऐकताक्षणी कळली होती. रिंपोछे थट्टेखोर होते, असं ती स्वतःला पाच वर्षं समजावत होती. त्यांनी तलावाचा पत्ता दिलेला नव्हता, तिच्या स्वयंपाकघराचा दिला होता.

चाचणी मंदिराच्या सभागृहात झाली. दोन कूलर घरघरत होते. शोधमंडळाचे प्रमुख गेशे ल्हुंडुप जमिनीवर ताठ बसले होते. पन्नाशीचे, काटक, वर्षभर या चिठ्ठीपायी या भागात हिंडून गालफडं बसलेली आणि कामापुरती मराठी आलेली. गेशे म्हणजे मठातले शास्त्री. त्यांच्या शेजारी खुर्चीवर युरोपातून आलेला निरीक्षक. त्याचं नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून वस्तीनं त्याला लांबसाहेब केलं होतं. साहेब सांगतील ते बोरकुटेबाई मराठीत सांगत आणि इकडचं तिकडे.

लोदेनच्या डोक्यावर टोपी चढली. घंटा दाखवली. पडद्यावर सरळ रेघ. जपमाळ दाखवली, रेघ. चष्मा दाखवला, लोदेननं जीभ काढून दाखवली, रेघ तशीच.

दाराशी उभ्या देछेननं श्वास सोडलेला यांगकीला ऐकू आला.

मग चार वाट्या आल्या. पेटीतली एक आणि तिच्या तीन नकला. नकला जुन्या फोटोवरून केलेल्या, आणि त्यातल्या एकीला कारागिरानं हौसेनं खरं पहाडी गाठीचं लाकूड वापरलं होतं. पहिली नक्कल: रेघ. पेटीतली वाटी: रेघ. गाठीची नक्कल समोर आली आणि यंत्र टिवटिवलं. पडद्यावर डोंगर उभा राहिला, शेजारी आकडा. तीन वर्षं.

मागच्या रांगेतली माणसं आकडा बघायला उठून उभी राहिली.

लांबसाहेब हलक्या आवाजात बोलले. बोरकुटेबाईंनी ते मराठीत सांगताना मान खाली घातली. "ते म्हणतात, मुलानं नक्कल ओळखली. तीन वर्षांपूर्वीपासून ओळखतोय. म्हणजे याला नकला दाखवून कुणीतरी पढवलंय. आज संध्याकाळी अहवाल जाईल. मग पलीकडच्या मुलाला आडवं येणारं काही उरत नाही."

"मी पढवलं नाही," गेशे म्हणाले. वर्षभर पायपीट केलेल्या माणसाच्या तोंडून एवढंच निघालं.

लोदेन वाटी उलटीपालटी करत होता. "ही माझी नाही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "माझीला तार आहे."

"तुझी कुठली?" बोरकुटेबाईंनी विचारलं.

"उंदरानं नेली ती."

सगळ्यांनी यांगकीकडे पाहिलं.

गप्प बसलं की झालं होतं. लोदेन घरी राहणार होता, उद्या पुन्हा पलंगाखाली उंदीर शोधणार होता. त्या बदल्यात गेशे आयुष्यभर लबाड ठरणार होते, आणि रिंपोछेंच्या आसनावर पलीकडच्यांनी घडवलेलं एक मूल बसणार होतं. तेही कुणाच्या तरी घरचं, कुणीतरी त्याचंही माप लपवलं असेल. यांगकीनं दाराकडे पाहिलं. देछेन मान हलवून नाही म्हणत होती. काय नाही, हे तिला माहीत नव्हतं, तरी नाही.

"उंदीर मी आहे," यांगकी म्हणाली, आणि घरी जाऊन स्वेटरांचा गठ्ठा सोडून आली.

तारेची वाटी तिनं गेशेंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तडा, बावणे, तापवलेला खिळा. निळ्या पाण्याचं आणि पोटाचं तेवढं सांगितलं नाही. लोकांनी पाच वर्षं ज्या वाटीपुढे डोकं टेकवलं ती गावच्या सुतारानं केलीय, हे ऐकून मागे बसलेल्या एका म्हातारीनं यांगकीकडे पाठ फिरवली. गेशेंनी तारेच्या वाटीवर बोट फिरवलं. तड्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता.

बोरकुटेबाई मात्र उठूनच उभ्या राहिल्या. "थांबा. पेटीतली वाटी तेवीस वर्षांची? मग पलीकडच्या मुलाला तिची ऐंशी वर्षांची आठवण कशी?"

हे इंग्रजीत गेलं तसे लांबसाहेब खुर्चीच्या कडेला आले. त्यांनी एकच विचारलं: पुरावा? म्हातारीच्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट कशी लिहायची?

यांगकीला हेच नको होतं. पण आता मागे जायला वाट नव्हती.

"गरम पाणी आणा," ती म्हणाली.

पेटीतली वाटी खिडकीत ठेवली, पाण्यानं भरली. टोपी तिच्या पेटीत परत गेली. तिचं काम संपलं होतं. पंधरा मिनिटं सगळे एका वाटीकडे बघत बसले. यांगकी मनात मंत्र म्हणत होती, पण कशासाठी ते ठरत नव्हतं: पाणी निळं होऊ दे, की नको.

मग उन्हाची तिरीप वाटीवर आली आणि काठाशी निळी झाक दिसली.

"बीजा," बोरकुटेबाई म्हणाल्या. "माझ्या आजोबांकडे असा पेला होता."

लांबसाहेब फोटोवर फोटो काढू लागले. कुणी फोन लावला, कुणी टाळी वाजवली. ऐंशी वर्षांची आठवण त्या पाण्यात विरघळून गेली होती. गडबडीत गेशे तेवढे हलले नाहीत. ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ पुटपुटत होते. काय पुटपुटतायत ते यांगकीला ऐकू न येताही कळलं. जिथे पाणी निळं होतं.

तेवढ्यात लोदेन खिडकीपाशी गेला. टाचा उंचावून त्यानं वाटी दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, बराच वेळ धरली. मग अर्धं पाणी प्याला आणि वळून आजीपुढे केली.

"मोमो, घे. पोटात घाल."

 यांगकीनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं ना? तांदूळ निवडताना, त्याला थोपटताना, कधी तोंडातून गेलं असेल? चार वर्षं तिनं मागे चाळून पाहिली आणि काही हाती लागेना. टोपीला रिकामी वाटी दाखवली होती. पाणी भरलेली दाखवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"काय म्हणाला मुलगा?" लांबसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, पिऊन टाक म्हणतो," बोरकुटेबाईंनी फोटो बघता बघता सांगितलं.

गेशे उठले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या अर्ध्या वाटीकडे, मग यांगकीच्या चेहऱ्याकडे. चिठ्ठीचा दुसरा भाग त्यांच्या डोळ्यांत उतरताना तिला दिसला. मठात दोन पंडितांचं बोलणं ज्यावरून बंद पडलं होतं, ते त्यांना आता एका चार वर्षांच्या पोरानं समजावलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. देछेन पिशवी छातीशी धरून उभी होती, बस सुटून चाललेल्या माणसासारखी.

"हे लिहायचं का?" लांबसाहेबांचा प्रश्न आला.

गेशेंनी मुलाच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं.

"मुलाला तहान लागली होती," ते म्हणाले. "एवढंच लिहा."

यांगकीनं वाटी घेतली आणि उरलेलं पाणी एका दमात संपवलं.

निघताना गेशेंनी तारेची वाटी पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आणि खोटी ठरलेली यांगकीच्या हातात दिली. "आता ही तांदळाला घ्या, यांगकी-ला." तिबेटीत नावापुढचं 'ला' म्हणजे आपलं 'जी'.

"गेशे-ला, तुम्ही..."

"मी दरवर्षी मे महिन्यात येईन. चहाला." ते गाडीत चढले आणि पुन्हा उतरले. "मोठा होऊ दे. मग मी विचारणार नाही, तोच सांगेल. तोवर जे कानावर येईल ते..." त्यांना मराठी शब्द आठवायला क्षणभर लागला. "पोटात घाला."

गाडीची धूळ बसल्यावर देछेननं पोराला कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. तिनं आईला काही विचारलं नाही. यांगकीला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी लोदेन उठला, नवं माप घेऊन तांदळाच्या डब्याशी गेला आणि मध्येच थांबला. मग चुलीवरच्या पातेल्यातलं कोमट पाणी त्यानं वाटीत ओतलं, खिडकीत नेऊन ठेवलं आणि समोर मांडी घालून वाट बघत बसला.

बाहेर गोठणगावच्या बायका नळाशी जमल्या होत्या. यांगकी उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.